मोर्ससाठी रिसिव्हरचा फिल्टर कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा या पट्ट्यात मोर्सकडे वळणारी नवी हॅम (हौशी रेडिओवाली) मंडळी वाढताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांनी फोनवर, घरी येऊन आणि हवेवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती हर्ट्झचा घेऊ?" माझं म्हणणं असं की त्याआधी "फिल्टर रेडिओत कुठे बसणार आहे?" हे विचारा. आकड्याचं उत्तर त्यावरच ठरतं.

काका, फिल्टर नेमकं काय करतो? माझ्या रेडिओत तो असेलच की!

असतो. पण तो बहुधा बोलण्यासाठीचा असतो. एसएसबीवर माणसाचा आवाज नीट कळायला साधारण २.४ किलोहर्ट्झ रुंदी लागते, म्हणून कारखान्यातून रेडिओ येतो तो तेवढी खिडकी उघडी ठेवून. मोर्सच्या एका सिग्नलला मात्र त्या खिडकीचा छोटासा कोपरा पुरतो. उरलेल्या जागेतून शेजारची स्टेशनं आणि खरखर आत येते. रात्री ७.००० ते ७.०४० मेगाहर्ट्झवर ऐकलंत तर त्या एका खिडकीत चार-पाच स्टेशनं एकदम वेगवेगळ्या सुरात वाजताना सापडतील. त्यातलं एक ठेवून बाकीची बाजूला सारणं हे फिल्टरचं काम.

मोर्सला खरंच किती रुंदी लागते?

तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक डिट (मोर्सचा छोटा सूर) ६० मिलिसेकंदांचा असतो (१२०० भागिले वेग, हे सूत्र पाठच करून टाका). २५ शब्दांना तो ४८ मिलिसेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या हिशेबात २५ शब्दांच्या मोर्सला लागणारी रुंदी १०० हर्ट्झ धरलेली आहे, आणि त्यात सिग्नल चढउतार करत असेल तर लागणारी सवलतही आलीच. सिग्नल स्थिर असेल तर ६० सुद्धा पुरतात. शिकाऊ माणूस ८ शब्दांनी पाठवत असेल तर त्याहूनही कमी.

मग सरळ १०० हर्ट्झचा फिल्टर लावला की झालं?

नाही. नव्या माणसाचे पैसे वाया जातात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीत एकदा तरी जाऊन उभे राहा. कारागीर मुख्य तार छेडतो आणि लगेच तिच्यावर बोट ठेवतो. तार गप्प होते, पण खालच्या तरफेच्या तारा घुमतच राहतात. त्या त्याच सुराला लावलेल्या असतात, त्यांनी नाद साठवलेला असतो आणि तो सोडायला त्यांना वेळ लागतो. अरुंद फिल्टर हे नेमकं तसंच आहे. क्रिस्टल असो वा ऑप-अँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) सर्किट, एकाच सुराला जितकं घट्ट लावाल तितका तो सूर उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो.

साधा अंदाज हवा असेल तर ०.७ भागिले रुंदी करा. ५०० हर्ट्झच्या फिल्टरला चढायला दीड मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ लागतो, २५० ला सुमारे ३, १०० ला ७ आणि ५० ला १४. साठ मिलिसेकंदांच्या डिटपुढे सात म्हणजे किरकोळ वाटतात. पण कडा गोलसर होतात, डिट संपल्यावरही शेपूट मागे राहते, आणि फिल्टरची घडण जितकी कडक तितकं ते शेपूट लांबतं. जोरकस सिग्नल असेल तर मेंदू हे सहज भरून काढतो. कमजोर सिग्नल आणि भोवती विजांचा कडकडाट असेल तर मात्र भरून काढता येत नाही, कारण तेव्हा प्रत्येक कडाडणं सुद्धा तुमच्याच सुरात घुमून येतं.

मे महिन्यातली वळवाची एक संध्याकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. तासगावच्या बाजूला आभाळ काळंभोर झालेलं, रेडिओवर जपानचं एक बारीक स्टेशन. मी फिल्टर ५०० वरून १०० वर आणला. खरखर गेली, खोलीत एकदम शांतता पसरल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वीज चमकली तसा 'टूंऽऽ' असा आवाज आला, हुबेहूब मोर्सच्या एखाद्या लांब सुरासारखा, 'डा'सारखा. मग पुन्हा एक. स्टेशनचे डिट कुठले आणि आभाळाचे कुठले हेच कळेना. परत ५०० वर आलो. खरखर आली, विजांचे आवाज कोरडे 'तड्‌ तड्‌' झाले, आणि त्या तडतडीच्या मागे जपानचा सूर वेगळा ऐकू येऊ लागला. उरलेला कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) मी त्याच रुंदीवर पुरा केला.

एकच फिल्टर घ्यायची ऐपत आहे. कोणता घेऊ?

५०० हर्ट्झचा. ४०० चा मिळाला तरी उत्तम.

हिशेब बघा. खरखरीची शक्ती रुंदीच्या प्रमाणात असते. २४०० वरून ५०० वर आलात की ती ६.८ डेसिबलनी घटते, म्हणजे मीटरवरच्या एका एस-युनिटपेक्षा थोडी जास्त. ५०० वरून २५० वर गेलात की आणखी फक्त ३ डेसिबल, अर्धं एस-युनिट. पहिल्या पायरीत मोठा लाभ, दुसरीत थोडा, आणि दुसरीची किंमत मात्र पहिलीएवढीच. शिवाय तुमचा कान स्वतः एक फिल्टर आहे. ६००-७०० हर्ट्झच्या आसपास कान सव्वाशे-दीडशे हर्ट्झच्या पट्ट्यात सूर वेगळे करतो. त्यामुळे नुसत्या खरखरीबद्दल बोलायचं तर अरुंद फिल्टर कानाला कागदावरच्या आकड्याएवढा लाभ देत नाही. त्याचा खरा उपयोग होतो तो शेजारी ३०० हर्ट्झवर दणकट स्टेशन बसलेलं असेल तेव्हा. २५० चा फिल्टर त्या प्रसंगासाठी घ्यावा, आणि दुसरा म्हणून घ्यावा.

क्रिस्टल, मेकॅनिकल, ऑडिओ, डीएसपी... यातला फरक काय?

बनावटीचा फरक आहेच. क्रिस्टल फिल्टरमध्ये क्वार्ट्झच्या चकत्या थरथरतात. मेकॅनिकलमध्ये धातूचे बारीक तुकडे, बहुधा ४५५ किलोहर्ट्झवर. ऑडिओ फिल्टर म्हणजे रेझिस्टर, कपॅसिटर आणि ऑप-अँप. डीएसपी म्हणजे आकडेमोड. पण माझ्या मते त्याहून मोठा फरक जागेचा आहे, कारण रेडिओत एजीसी नावाची गोष्ट असते.

एजीसी म्हणजे आपोआप आवाज आवरणारी यंत्रणा. जोराचा सिग्नल आला की ती रिसिव्हरची ताकद खाली ओढते. आता समजा तुमचा फिल्टर ऑडिओत, म्हणजे एजीसीच्या नंतर आहे. तुम्ही दक्षिण आफ्रिकेचं बारीक स्टेशन ऐकताय आणि ५०० हर्ट्झ बाजूला कोल्हापूरचा मित्र शंभर वॅटनी पाठवू लागला. ऑडिओ फिल्टर त्याचा सूर कापेल, तो तुम्हाला ऐकूही येणार नाही. पण एजीसीला तो ऐकू येतोय! त्याच्या प्रत्येक डिटबरोबर तुमचं स्टेशन खाली दबेल, सोडलं की वर येईल. तुम्हाला वाटेल सिग्नल फेड होतोय. असं वाटून अँटेना उतरवून तपासणारी माणसं मी पाहिली आहेत.

फिल्टर एजीसीच्या आधी, आयएफ टप्प्यात (आलेला सिग्नल रेडिओ ज्या एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो तिथे) असेल तर मित्राचा सिग्नल तिथवर पोचतच नाही. म्हणून ज्या रेडिओत एजीसी आहे तिथे आयएफमधला ५०० चा फिल्टर हा बाहेरून लावलेल्या १५० च्या ऑडिओ फिल्टरपेक्षा सरस ठरतो. ऑडिओ फिल्टरच वापरायचा असेल तर एजीसी बंद करा आणि आरएफ गेन (रिसिव्हरची ताकद कमीजास्त करायची घुंडी) हाताने कमी ठेवा. जुने मोर्सवाले डावा हात आरएफ गेनवर ठेवून बसायचे त्यामागे हे कारण आहे.

माझ्याकडे बिटएक्स आहे. त्यात सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा, फिल्टर बसेल का?

हैदराबादचे अशर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांनी बिटएक्स आणला आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिला एचएफ रेडिओ आला. त्या मालिकेबद्दल मला फार आदर आहे. त्यातला क्रिस्टल फिल्टर बोलण्यासाठीचा आहे, आणि तोच पाठवतानाही वापरला जातो. तो काढून जागी अरुंद बसवला तर बोलणं बिघडेल. अदलाबदलीसाठी रिले लावता येतात, पण तेवढा उपद्व्याप पहिल्या वर्षी करू नका.

इथे वरची एजीसीची गोष्ट आठवा. बिटएक्स-४० किंवा मायक्रो-बिटएक्सच्या मूळ बोर्डात एजीसी नाहीच. म्हणजे ऑडिओ फिल्टरचा मुख्य दोषच इथे लागू होत नाही. शे-दोनशे रुपयांच्या सामानात बनणारा ऑडिओ फिल्टर या रेडिओला शोभून दिसतो, आणि माझी पहिली शिफारस तीच आहे.

तो ऑडिओ फिल्टर घरी बनवता येईल?

एका रविवारात. टीएल०७२ किंवा एलएम३५८ घ्या, दोन्हींत दोन ऑप-अँप असतात, म्हणजे दोन टप्पे झाले. मध्य ६०० हर्ट्झ धरा. एका टप्प्याचा क्यू (तो सुराला किती घट्ट लावलाय त्याचा आकडा) ४ ठेवला तर त्याची रुंदी ६०० भागिले ४, म्हणजे १५०. असेच दोन टप्पे मागोमाग जोडले की दोन्हींची मिळून रुंदी सुमारे १०० वर येते. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. ते दोन्ही टप्पे क्यू ८ चे करतात आणि मग 'सगळं घुमतंय' म्हणून फोन करतात. मी क्यू अडीचच्या आसपास ठेवतो, मिळून दीडशे-एकशेसाठ येते आणि ऐकायला मोकळं वाटतं.

कपॅसिटर पॉलिस्टर फिल्मचे घ्या, चकतीवाले सिरॅमिक नकोत. त्यांची कपॅसिटन्स छापल्यापेक्षा बरीच इकडेतिकडे असते, उन्हाळ्यात आणखी सरकते, आणि दोन टप्प्यांचे मध्य जुळत नाहीत. सांगलीत एखादा भाग मिळाला नाही तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळतो. एक बायपास स्विच नक्की ठेवा. फिल्टर चालू-बंद करून तुलना केल्याशिवाय कान तयार होत नाही.

क्रिस्टल फिल्टर घरी करायचा म्हटलं तर?

करा. हे काम मला सगळ्यात प्रिय आहे. एकाच फ्रिक्वेन्सीची, एकाच खेपेतली वीस-पंचवीस स्वस्त क्रिस्टल्स घ्या. ४.९१५२ मेगाहर्ट्झची मोर्ससाठी उत्तम, कारण फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितका अरुंद फिल्टर करणं सोपं आणि त्यात सिग्नल कमी खर्च होतो. क्रिस्टल्स एका ओळीत, मध्ये मध्ये जमिनीकडे कपॅसिटर. शिडीसारखं दिसतं, म्हणून लॅडर. कपॅसिटर मोठे केले की रुंदी कमी होते आणि दोन्ही टोकांचा इम्पिडन्सही खाली येतो. तो जुळवला नाही तर फिल्टरचा माथा सपाट न राहता खाचखळग्यांचा होतो. नव्या लोकांचे फिल्टर बिघडतात ते बहुतेक इथेच, क्रिस्टलमुळे नव्हे.

मोजणी निगुतीनं करा. ५०० हर्ट्झच्या फिल्टरसाठी क्रिस्टल्स एकमेकांच्या ५० हर्ट्झच्या आत असावीत. मी टेबलावर ऑसिलेटर आणि काउंटर मांडतो, पंखा बंद करतो. बोटानं धरून क्रिस्टल लावलं की आकडा सरकत राहतो, कारण बोटाची ऊब आत गेलेली असते. म्हणून चिमट्यानं लावायचं, मिनिटभर थांबायचं, मग लिहायचं. क्रिस्टलच्या डोक्यावर मार्करनं शेवटचे तीन आकडे लिहा. पंचवीसमधून जुळणारी पाच निघाली की जो आनंद होतो तो वेगळाच. उरलेली फेकू नका, ती बीएफओला (मोर्सचा सूर ऐकू यावा म्हणून रिसिव्हरमध्ये लागणाऱ्या ऑसिलेटरला) कामी येतात.

तयार फिल्टर नॅनोव्हीएनएवर (फिल्टरचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) बघा, पण स्वीप सावकाश ठेवा. अरुंद फिल्टर भराभर तपासला तर त्याला चढायला वेळच मिळत नाही आणि पडद्यावरचा आकार खोटा येतो. अशा शिडीची वरच्या फ्रिक्वेन्सीची बाजू जास्त उभी आणि खालची तिरकी असते, ते पाहून घाबरू नका, तो तिचा स्वभाव आहे.

आयसी-७३०० घेतोय. वेगळा फिल्टर घ्यावा लागेल?

नाही. २०१६ साली आलेला हा रेडिओ अँटेनातून आलेला सिग्नल थेट आकड्यांत बदलतो आणि फिल्टर आकडेमोडीनं होतो. मोर्ससाठी तीन तयार रुंद्या दिलेल्या असतात: १.२ किलोहर्ट्झ, ५०० आणि २५०, आणि तिन्ही बदलता येतात. फिल्टरची कड 'शार्प' ठेवायची की 'सॉफ्ट' हेही निवडता येतं. मोर्सला 'सॉफ्ट' ऐकून बघा. कडा जरा उतरत्या असल्यामुळे घुमणं कमी होतं.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. आकड्यांत बदलण्याच्या जागीच सिग्नल फार झाला तर पुढचा कितीही अरुंद फिल्टर उपयोगाचा नाही. पडद्यावर ओव्हीएफ दिसलं की प्रीअँप (सिग्नल सुरुवातीलाच वाढवणारा भाग) बंद करा, आरएफ गेन उतरवा. खरं तर ७ मेगाहर्ट्झवर प्रीअँपची गरज आपल्या भागात जवळजवळ कधीच नसते. अँटेनाची तार काढून बघा. खरखर एकदम पडली, तर ती बाहेरून येतेय आणि रिसिव्हरला आधीच भरपूर ऐकू येतंय.

आणि जुना एफटी-८१७?

त्यात जादा फिल्टरसाठी एकच जागा आहे. ५०० हर्ट्झचा वायएफ-१२२सी किंवा ३०० चा वायएफ-१२२सीएन यांपैकी एक बसतो. दोन्ही कॉलिन्सचे मेकॅनिकल फिल्टर, आता बनत नाहीत, त्यामुळे जुन्या बाजारात शोधावे लागतात. ५०० चा मिळाला तर तोच घ्या. एफटी-८५७ आणि ८९७ मध्ये दोन जागा आहेत, तिथे दोन्ही बसवता येतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हापासून मी रेडिओ निवडताना विजेचा खर्च बघायला शिकलो. आयसी-७३०० नुसतं ऐकायला साधारण ०.९ अँपिअर घेतो, एफटी-८१७ त्याच्या निम्म्याच्या आसपास. स्कूटरच्या ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर पहिला सात-आठ तास, दुसरा पंधरा. आणि मेकॅनिकल किंवा क्रिस्टल फिल्टर स्वतः काहीच वीज खात नाही.

फिल्टर अरुंद केला की स्टेशनच गायब होतं. फिल्टर खराब आहे का?

बहुधा नाही. स्टेशन खिडकीच्या मध्यावर नव्हतं. रुंद फिल्टरमध्ये तुम्ही त्याला ९०० हर्ट्झच्या सुरात ऐकत होता, आणि अरुंद फिल्टरचा मध्य ६०० वर आहे. आधी सूर जुळवा, मग रुंदी कमी करा. रेडिओत पिच जी लावली असेल, ६०० म्हणा, तोच सूर तुम्ही मोर्सची की (चावी) दाबल्यावर साइडटोन म्हणून ऐकू येतो. समोरच्याचा सूर त्याच्याशी गायकाच्या कानानं मिळवा. दोन्ही एक झाले की तुम्ही त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर पाठवणार हेही आपोआप साधतं.

घरी बांधलेल्या जुन्या धाटणीच्या व्हीएफओमध्ये (रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या ऑसिलेटरमध्ये) आणखी एक अडचण असते. तो तापला की सरकतो, आणि २५० च्या खिडकीतून स्टेशन पाच मिनिटांत बाहेर जातं. तिथे आधी एसआय५३५१ (स्थिर फ्रिक्वेन्सी देणारी चिप) लावा, मग अरुंद फिल्टरचं बघा.

पिच किती ठेवावी?

कानाला आवडेल ती, पण खालच्या बाजूला झुकलेली. कान खालच्या सुरांत जवळजवळची दोन स्टेशनं जास्त स्पष्टपणे वेगळी करतो. मी ५५० वर ऐकतो. हजारावर ऐकणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, आठवडाभर ६०० वर काढून बघा.

शेताजवळ राहतो. सौर पंप सुरू झाला की सगळा बँड गुरगुरतो. कोणता फिल्टर घेऊ?

दादा, यावर फिल्टर हा इलाज नाही, आणि तुम्ही त्यावर पैसे घालावेत असं मला वाटत नाही. पलूस-तासगावकडून हा प्रश्न हल्ली फार येतो. पंपाच्या कंट्रोलरचा गोंगाट सगळ्या बँडभर पसरलेला असतो. फिल्टर अरुंद केला की रुंदीच्या प्रमाणात तो घटेल, पण तुमच्या ५०० हर्ट्झमध्ये जेवढा पडतो तेवढा उरणारच. उगमाशीच जावं लागतं. आधी खात्री करा: पंप बंद करून ऐका, मग घरातला मेन स्विच पाडून रेडिओ बॅटरीवर ऐका. नंतर कंट्रोलरच्या तारांवर फेराइटच्या कड्या, अँटेना शक्य तितकी लांब, कोॲक्सवर चोक. नुसतं ऐकण्यासाठी छोटी लूप अँटेना फिरवून गोंगाटाची दिशा मारता येते, तिचा गुण मला फार आला आहे.

विजेच्या खांबावरची गुरगुर वेगळी ओळखता येते, ती १०० हर्ट्झच्या ठेक्यात येते. अशा टोकदार गोंगाटावर नॉइज ब्लँकर (ठोका आला की क्षणभर रिसिव्हर गप्प करणारा भाग) चालतो, पण तो फिल्टरच्या आधी असेल तरच. कारण अरुंद फिल्टरमधून गेला की तो टोकदार ठोका पसरट होतो, आणि मग ब्लँकरला तो आणि डिट यांत फरक करता येत नाही.

शेप फॅक्टर म्हणजे काय? विक्रेता तो सांगत नाही.

फिल्टरची रुंदी दोन ठिकाणी मोजतात: माथ्यापासून ६ डेसिबल खाली आणि ६० डेसिबल खाली. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की शेप फॅक्टर. ५०० चा फिल्टर तळाशी १००० असेल तर २. तळाशी तोच ३००० निघाला तर शेजारचं जोरदार स्टेशन पायथ्याशी पाझरतच राहणार. स्वस्त फिल्टर आणि चांगला फिल्टर यातला फरक इथे दिसतो. सांगत नसेल तर मोजून बघू द्या म्हणा, नाही म्हणाला तर सोडून द्या.

रूफिंग फिल्टर हवाच का?

आपल्यापैकी बहुतेकांना नको. पहिल्या आयएफमध्ये अगदी सुरुवातीला बसून पुढच्या टप्प्यांना दणकट सिग्नलपासून वाचवणं हे त्याचं काम. ज्यांच्या शेजारी दुसरं मोठं स्टेशन आहे किंवा जे स्पर्धा गंभीरपणे खेळतात, त्यांनी विचार करावा.

स्पर्धेच्या दिवशी कोणती रुंदी?

नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइडची मोर्स स्पर्धा असते, आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाचपासून ४८ तास. फिल्टर शिकायला याहून चांगली शाळा नाही. तुम्ही डायल फिरवत एकेक स्टेशन गाठत असाल तेव्हा २५० चालतो, कारण कुठे ऐकायचं हे तुम्ही ठरवता. पण स्वतः एका जागी बसून सीक्यू (सगळ्यांना हाक) देत असाल तर ५०० च्या खाली जाऊ नका. उत्तर देणारा नेमका तुमच्या सुरावर येईलच असं नाही, २०० हर्ट्झ बाजूला हाक मारतो, आणि तुमच्या अरुंद खिडकीबाहेर उभा राहून कंटाळून निघून जातो. तुम्हाला वाटतं कोणी उत्तरच देत नाही.

नुकतंच शिकतेय. फिल्टर लावून सराव करू की नको?

ताई, सुरुवातीला नको. अक्षरं पाठ करताना स्वच्छ आवाज ठीक आहे. पण अक्षरं ओळखू आली की रुंद फिल्टरवर, गर्दीत, एकाच स्टेशनावर कान ठेवायचा सराव रोज दहा मिनिटं तरी करा. तीन-चार आठवड्यांत जाणवेल की बाकीची स्टेशनं मागे सरली आहेत. हे काम तुमचा मेंदू करतो, आणि तो फिल्टर कोणत्याही रेडिओबरोबर येतो.

लो-पास फिल्टर म्हणजे हाच का?

नाही. तो ट्रान्समीटरच्या शेवटी असतो, तुमच्या सिग्नलचे दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे अंश हवेत जाऊ नयेत म्हणून. तो कधीही काढू नका.

विकत घेण्याआधी वेगवेगळ्या रुंद्या ऐकून बघायच्या आहेत. कुठे जाऊ?

कुठेही जायची गरज नाही. इंटरनेटवर किवीएसडीआर प्रकारचे जगभरातले रिसिव्हर खुले असतात. ७.०१० च्या आसपास जा, सीडब्ल्यू निवडा आणि खिडकीच्या कडा माउसनं आत-बाहेर ओढा. अर्ध्या तासात पाचशे, अडीचशे आणि शंभर यातला फरक कानात बसेल. इथून कोणी सांगून कळणार नाही इतका.

जुना फिल्टर घेताना काय तपासू?

आधी फ्रिक्वेन्सी. हे मी किंमत मोजून शिकलो. एका विक्रेत्याने 'तुमच्या रेडिओचाच' म्हणून मला २५० चा फिल्टर दिला, डबीवर चिकटवलेलं लेबलही तसंच. घरी आणून बसवला तर रेडिओ मुका. लेबलाखाली खरवडून बघितलं तर फिल्टर ९ मेगाहर्ट्झचा, माझ्या रेडिओचं आयएफ ८.८३. परत घ्यायला तो तयार झाला नाही. तेव्हापासून मी लेबल बाजूला ठेवून धातूवर कोरलेला आकडा वाचतो, पायांची मापं रेडिओच्या बोर्डाशी ताडून बघतो, आणि शक्य असेल तर नॅनोव्हीएनए बरोबर नेतो.

मेकॅनिकल फिल्टर असेल तर कानाजवळ धरून हळूच हलवा, आत काही खुळखुळत असेल तर घेऊ नका. क्रिस्टल फिल्टरचे पाय गंजलेले नाहीत ना ते बघा, पुराच्या पाण्यातून निघालेला माल आपल्याकडे फिरत असतो. आणि घरी आणून मोजलात की मध्य आणि रुंदी एका चिठ्ठीवर लिहून ती रेडिओच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी झाकण उघडाल तेव्हा समोर असेल.